वहीत नाव कुणाचं? : बयाणा, जोडी आणि माझा डिपेंडंट व्हिसा

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. आज विषय थोडा घरचा आहे. माझ्या घरचा म्हणजे जव्हार-मोखाड्याचा. सुरुवात मात्र तिथून सात हजारांहून जास्त किलोमीटरवर होते, इंग्लंडमधल्या एका गोडाऊनमध्ये.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मी नवऱ्यामागून इंग्लंडला आले. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी त्याची डिपेंडंट. पुण्यातली नोकरी सोडून आले होते. बीटेक, पाच वर्षांचा अनुभव, सगळं होतं. पण नवीन देशात सॉफ्टवेअरची नोकरी आठवड्यात मिळत नाही आणि घरभाडं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतं. ख्रिसमसचा सीझन होता, गोडाऊनवाल्यांना माणसं हवी होती. पोस्टातून रेसिडेन्स कार्ड घेतलं, ऑनलाइन शेअर कोड काढला, एजन्सीनं तो तपासला आणि देशात पाऊल ठेवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी मी रात्रपाळीला उभी होते. रात्री दहा ते सकाळी सहा.

एक अडचण होती, बँक खातं. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, माझ्या नावावर फक्त मी. एजन्सीतली बाई म्हणाली, काही प्रॉब्लेम नाही, नवऱ्याचा खाते नंबर द्या. दिला. शुक्रवारी माझा पहिला पगार त्याच्या मोबाईलवर टिंग करून वाजला.

त्यानं त्याच मिनिटाला पैसे मला द्यायची तयारी दाखवली. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मला कसंतरीच झालं. रविवारी आजीला व्हिडिओ कॉल केला, कौतुकानं सांगितलं, "आजी, मी कामाला लागले गं." तिनं थंडी किती, भात मिळतो का, हे काहीच विचारलं नाही. म्हणाली, "बाय, वहीत नाव कोणाचा?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं तिची गोष्ट सांगितली. लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांत ऐकली होती, सलग त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आजचा एपिसोड त्या प्रश्नाचा आहे.

नवव्या दिवशी ट्रक

आजीचं माहेर जव्हार तालुक्यात, सासर मोखाड्यात. लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेचच्या काळात, भात कापून झाल्यावर. तिच्या हिशोबानं तेव्हा ती सोळा-सतराची असेल. जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती.

लग्नाला पैसे लागले होते. आमच्याकडे मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं, म्हणजे खर्च मुलाच्या बाजूला. वर गावजेवण, लुगडी, ताडी. आजोबांच्या वडिलांनी भर पावसाळ्यात भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवाल्याच्या मुकादमाकडून बयाणा उचलला. बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम. फेडायची कशी? तर दिवाळीनंतर येऊन विटा पाडून.

भट्टीवर एकटा गडी चालत नाही. एकानं चिखल मळायचा, गोळा करून द्यायचा, दुसऱ्यानं साच्यात घालून वीट पाडायची, मग दोघांनी उलटवायची, सुकवायची, रचायची. म्हणून तिथे हिशोब माणसावर नसतो, जोडीवर असतो. "एक जोडी, दोन जोड्या" असंच मोजतात. आजोबा लग्नाआधी एकटे होते. लग्न झालं आणि जोडी पूर्ण झाली.

नवव्या दिवशी ट्रक आला. आजीच्या हातावरची हळद अजून गेली नव्हती. तांदळाचं गाठोडं, दोन पातेली, एक गोधडी घेऊन ती जव्हार-वाडा-भिवंडी रस्त्यानं निघाली. त्याआधी तिनं जव्हारचा बाजार सोडला तर दुसरं शहर पाहिलं नव्हतं. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे पडलेल्या कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून स्वतःची झोपडी उभी करणं. दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे खरं तर मध्यरात्रीनंतर, काम सुरू. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त विटा पडल्या पाहिजेत म्हणून.

दर हजार विटांमागे ठरलेला. आठवड्याला खर्ची मिळायची, मीठ-मिरची-तांदळापुरती. ती खर्ची आणि बयाणा दोन्ही वहीत चढत जायचं. शेवटी विटांचे पैसे आणि उचललेले पैसे यांची वजाबाकी. वही मुनीमाकडे. आणि वहीत नाव? सासऱ्याचं. विटा आजीनं आजोबांच्या बरोबरीनं पाडल्या, पण तिच्या नावाची ओळ त्या वहीत कधीच नव्हती. "मी किती पाडल्या ते मला ठाऊक होता, वहीला नव्हता," असं ती म्हणाली.

पहिल्या वर्षी शिमग्याला ते घरी आले तेव्हा हिशोबात थोडी रक्कम भट्टीवाल्याचीच निघाली. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तोच ट्रक.

हे सगळं जव्हार-मोखाड्यातच का?

जे कोकण फक्त समुद्रावरून ओळखतात त्यांच्यासाठी थोडा भूगोल. जव्हार, मोखाडा हे सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचे तालुके. आधी ठाणे जिल्ह्यात, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. वारली, कोकणा, महादेव कोळी, क ठाकूर, कातकरी, असा सगळा आदिवासी मुलूख. पाऊस असा की छत्रीला विचारू नका. पण तो डोंगरउतारावरून वाहून जातो. नागली, वरई आणि खाचरातला भात, असं एकच पीक. दिवाळीत दाणे घरात येतात आणि त्याच वेळी शेतातलं काम संपतं. इथल्या वैतरणेवर धरणं आहेत, त्यातलं पाणी मुंबईच्या नळाला जातं. दुसरं पीक घ्यायचं तर पाणी कुठून आणणार?

मग माणसं पाण्यामागून जातात. भिवंडी, वसई, कल्याण, पनवेल. वीटभट्ट्या, रेती, बांधकाम, नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं, तेव्हा सगळ्यांना कुपोषण दिसलं. त्यामागे हे अर्धं वर्ष घराबाहेर राहणंही होतं. आईच भट्टीवर असेल तर अंगणवाडीच्या यादीत मूल असून काय उपयोग?

लग्नगडी

आता खरा इतिहास. आजीचा बयाणा ही आमच्या भागातली जुनी गोष्ट नव्हे. जुनी गोष्ट याहून भयंकर होती आणि तिला एक शब्द होता: लग्नगडी.

शब्द फोडून बघा. लग्न अधिक गडी. ज्यानं लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घेतलं आणि त्या बदल्यात त्याच्याकडे गडी म्हणून राहिला, तो लग्नगडी. रक्कम बहुतेकदा शंभर-दोनशेच्या घरातली. पण तिचा हिशोब होत नसे. काम हे व्याजातच जायचं आणि मुद्दल तिथंच. माणूस मरेपर्यंत राबायचा आणि कर्ज मुलाकडे यायचं. एकट्यावर भागत नसे, बायकोही त्याच दावणीला बांधली जायची. ती नांदायला नवऱ्याच्या घरी यायची, पण दुसऱ्या दिवसापासून शेण काढायची ते मालकाच्या गोठ्यातलं. तिनं कर्ज घेतलं नव्हतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं. लग्न हाच तिचा करार. मालकाची नजर वाईट असेल तर तिला ना नवरा वाचवू शकत होता ना गाव.

ही ऐकीव गोष्ट नाही. मुंबई सरकारनं डी. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला नेमलं होतं. त्याच्या १९३०च्या दशकाच्या शेवटच्या अहवालात लग्नाच्या कर्जातून तयार होणारी ही गुलामी सरकारी भाषेत नोंदलेली आहे. म्हणजे माहिती सगळ्यांना होती.

तोडली कुणी? वारल्यांनीच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगाव भागातले मोजके वारली गेले, त्यात माह्या धांगडा होते. तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकर तलासरीकडे आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव साधे होते: फुकट राबणार नाही, वेठ बंद, मजुरी रोख रोज बारा आणे, मारलं तर सहन करायचं नाही, आणि एकी सोडायची नाही. पाठोपाठ गावोगाव मोर्चे निघाले आणि लग्नगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले. तरी चळवळ मोडली नाही. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच दिवसांचं आहे, त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. शाळेत आम्हाला फ्रेंच राज्यक्रांती होती, झरी नव्हतं. झरीला मी पहिल्यांदा गेले ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत.

झरी, तलवाडा हा तलासरी-डहाणूचा पट्टा. आमचं जव्हार तेव्हा राजाचं. पण डोंगराला सीमा नसते, बातमी इकडेही पोहोचली.

एक बाजू यात कमी सांगितली जाते. ज्याच्याकडे देज द्यायला काहीच नाही, तो मुलगा सासऱ्याच्या घरी घरजावई होऊन राहायचा आणि काही वर्षं राबून देज फेडायचा. म्हणजे लग्नामुळे दुसऱ्या घरी जाऊन लगेच कामाला जुंपणं हे पुरुषांच्याही वाट्याला होतं. फरक इतका, की त्याची मुदत ठरलेली असायची. आणि काही जोडपी सरळ एकत्र राहायची, मुलं व्हायची, मग पैसे जमल्यावर धवलेरीला बोलावून लग्न लावायची. कर्जापेक्षा हे बरं. मला तर हा फारच शहाणपणाचा मार्ग वाटतो.

कायदा झाला, वही राहिली

वेठबिगार पद्धत रद्द करणारा केंद्राचा कायदा १९७६ मध्ये आला, अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरला. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं गुन्हा, आणि तशी सगळी कर्जं रद्द. कागदावर तर घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगार आधीच बंद केली होती.

मग बयाणा काय? बयाणा हा जन्माचा नसतो, हंगामाचा असतो. म्हणून तो गुलामीसारखा दिसत नाही. पण हंगाम संपल्यावर वजाबाकीत बाकी उरली, मजुराला दुसरीकडे जायची मुभा नसली, तर कायद्याच्या भाषेत तीही वेठबिगारीच. भूमिसेना, कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून ठाणे जिल्ह्यात हेच सांगत माणसं सोडवली. आणि हे संपलं असं म्हणू नका. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका मजुराच्या मृत्यूनंतर, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपोटी त्याला राबवल्याचा आरोप झाला आणि वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पाचशे रुपये. आपण तेवढ्याची कॉफी पितो.

तुमच्या पगारातले दोनशे रुपये

आजीच्या गोष्टीत वळण आलं ते रोजगार हमीनं. आणि इथे तुम्हीही आहात. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पे-स्लिप उघडा. 'पीटी' म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्यानं आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, अशी कल्पना. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, बहात्तरच्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा आला तो थेट २००५ मध्ये.

आजी आपल्या गावाजवळच्या रस्त्याच्या कामाला गेली तेव्हा तिला खडी फोडण्याचं नवल नव्हतं. नवल मस्टरचं होतं. तिथे प्रत्येक मजुराची वेगळी ओळ. बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी, आणि मजुरीत भेद नाही. तिनं स्वतःच्या नावापुढे अंगठा उठवला आणि पैसे स्वतःच्या हातात घेतले. पैसे उशिरा मिळायचे, काम कधी निघायचं कधी नाही, त्यामुळे भट्टी लगेच सुटली नाही. पण ती आजही सांगते ते रस्त्याचं काम, भट्टीचं नाही. त्या पैशातून तिनं माझ्या आईला, म्हणजे तेव्हाच्या शाळकरी पोरीला, आश्रमशाळेत जाताना पत्र्याची पेटी घेऊन दिली. ती पेटी आमच्या घरी अजून आहे. माझी बारावीची पुस्तकं तिच्यातच होती.

परदेशातल्या जोड्या

आता परत व्हिसाकडे. नवऱ्यामागून किंवा बायकोमागून परदेशी जाणाऱ्यांचं काय करायचं, हे प्रत्येक देश आपापल्या सोयीनं ठरवतो.

अमेरिकेत एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. त्यावर कामाला पूर्ण बंदी होती. २६ मे २०१५ पासून काहींना परवानगी मिळू लागली, तीही जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यावर पोहोचलं असेल तरच. न्यू जर्सीत माझी कॉलेजची मैत्रीण आहे, वर्गात पहिली यायची. चार वर्षं ती घरी होती. तिची पहिल्या दिवसापासून कामाला लागायची इच्छा होती आणि कायदा म्हणत होता थांब.

ब्रिटनमध्ये उलट. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं, पहिल्या दिवसापासून. पण तुमचा मुक्काम त्याच्या व्हिसाला बांधलेला. त्याची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दोघांनाही वाट शोधावी लागते. आणि नियम बदलायला वेळ लागत नाही. मी आले त्यानंतर चारच महिन्यांनी, ११ मार्च २०२४ पासून, नव्यानं येणाऱ्या केअर वर्कर्सना कुटुंब आणायलाच बंदी झाली.

गोडाऊनमध्ये मी ज्यांच्या शेजारी उभी असायचे त्यात निम्म्या बायका अशाच होत्या. कुणी लुधियानाची, कुणी लागोसची, एक कोट्टायमची नर्स. सगळ्यांचे कागद दुसऱ्याच्या कागदाला टाचलेले. घाईत असलेला माणूस भाव करत नाही, हे मालकांना नेहमीच माहीत असतं. १९७६ मध्ये लंडनच्या ग्रुनविक फोटो कारखान्यात हेच झालं. गुजरातमध्ये जन्मलेल्या, टांझानियातून आलेल्या जयाबेन देसाई साडी नेसून गेटवर उभ्या राहिल्या आणि संप जवळजवळ दोन वर्षं चालला. संप हरला. पण आलेल्या बायका गप्प राहतील हा समज तिथे मोडला. मला त्यांच्यात आणि झरीच्या माळावर बसलेल्या बायकांत फार अंतर दिसत नाही.

तर मग वहीत नाव कुणाचं?

मी आजीसारखी होते असं म्हणणं हा तिचा अपमान होईल. माझं लग्न कर्जावर झालं नाही, मला कुणी ट्रकमध्ये बसवलं नाही, नको वाटलं तर विमानाचं तिकीट काढायचे पैसे होते. नवऱ्याच्या कंपनीनं व्हिसाचा खर्च केला होता, आणि करारात एक ओळ होती: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तो परत करायचा. त्यात माझ्या नावाचाही खर्च होता. फक्त आरोग्य सरचार्ज तेव्हा दर माणशी वर्षाला ६२४ पौंड. ही ओळ मी आजीला समजावून सांगितली तर ती हसली. म्हणाली, "म्हणजे बयाणाच की." मी म्हटलं, नाही आजी, इथे रक्कम लिहिलेली आहे, दर महिन्याला कमी होते, आणि दोन वर्षांनी शून्य होते. ती म्हणाली, "मग तुझा बयाणा बरा."

हाच फरक आहे आणि तो लहान नाही. रक्कम लिहिलेली असणं. मुदत ठरलेली असणं. आपण केलेलं काम आपल्या नावापुढे चढणं. लग्नगड्याच्या बायकोकडे यातलं काहीच नव्हतं. आजीला यातलं शेवटचं मिळालं ते मस्टरवर. मला तिन्ही मिळाली, आणि तरी पहिले दोन शुक्रवार माझी ओळ दुसऱ्याच्या वहीत गेली, कारण विजेच्या बिलावर एकच नाव होतं.

सोमवारी मी दोन कामं केली. मोबाईल ॲपवाल्या बँकेत खातं उघडलं, आणि घरमालकाला मेल करून भाड्याच्या करारात माझं नाव घालायला लावलं. तिसऱ्या शुक्रवारचा पगार माझ्या फोनवर वाजला. दीड महिन्यानं टेस्टिंगची नोकरी लागली, तिथून पुढे माझं नेहमीचं काम.

नव्यानं जाणाऱ्यांसाठी, मुलगी असो की मुलगा: निघण्याआधीच भाड्याच्या करारात दोघांची नावं घालायला सांगा. एक तरी बिल स्वतःच्या नावावर घ्या. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या करारातली परतफेडीची ओळ तुम्हीही वाचा, कारण तुमचं बस्तानही त्यावर आहे. आणि पहिला पगार चार दिवस उशिरा आला तरी चालेल, पण स्वतःच्या खात्यात घ्या. भांडण करायचं म्हणून नाही. नोंद राहावी म्हणून.

आणि घरी आजी असेल तर तिला एकदा विचारा: तू पहिलं काम कधी केलंस, आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडले? भट्टी, विडी, गिरणी, शेत, शाळा, काहीही असेल. उत्तर आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा. तिची परवानगी घेऊन, बरं का. पुढच्या एका भागात आपण ती सगळी उत्तरं एकत्र ऐकू.

भेटू पुढच्या रविवारी. तोवर, राम राम.